चांदवडचं कच्चं काम

नाशिकरोड,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय पायल,

पोस्टाने पाकीट आलेलं बघून घाबरू नकोस. मी ठीक आहे. साखर तपासली, बरी निघाली. फोनवर आपण रोज बोलतो, पण ते बोलणं म्हणजे तू विचारायचं आणि मी हो म्हणायचं. जेवलात का, हो. गोळी घेतली का, हो. गॅस बंद केला का, हो. दिवसाला इतक्या वेळा हो म्हणणारा माणूस एका प्रश्नाला मात्र सव्वादोन वर्षं "बघू" म्हणून बसला आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तू राजला २०२३च्या दिवाळीत घरी आणलंस, तो गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "पप्पा, आम्ही लग्न करायचं म्हणतोय. तुमचं काय?" मी म्हटलं, बघू. मग तुझी आई आजारी पडली, मग ती गेली. या दिवाळीला पुण्याला परत निघताना चपला घालता घालता तू म्हणालीस, "मी आता परत विचारणार नाही पप्पा," आणि रिक्षात बसलीस. तेव्हापासून मी उत्तर जुळवतो आहे. ते या पत्रात आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, म्हणून आधी तुला कॉम्प्युटरची हकीकत ऐकावी लागेल. तुझी आई असती तर म्हणाली असती, "ह्यांना साखरेचा भाव विचारला तरी आधी गव्हाचा सांगतील."

तर कॉम्प्युटर. तो खिडकीपाशी होता तिथेच आहे. तू भंगारात द्यायला सांगितलंस तेव्हाही मी बघू म्हटलं होतं, पण त्या बघूचा अर्थ नाही असा होता. हे पत्र त्याच्यावरच टाइप केलं आहे, दोन बोटांनी. आजचा सहावा दिवस.

तुला आठवत असेल, दिवाळीच्या आधीपासून पडद्यावर पाटी येत होती की या विंडोजची मुदत संपली, पुढचं घ्या. आणि पुढचं घ्यायला गेलं की दुसरी पाटी यायची, की हे यंत्र पुढच्याला चालणार नाही. मला ते लागलं. आम्हाला रेल्वे टपालाच्या आरएमएसमधून रिटायर केलं तेव्हा निदान नारळ दिला होता. बिटको चौकाजवळच्या एका दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, "काका, याला म्युझियममध्ये ठेवा, आणि नवीन घ्या." नवीन घ्यायला माझी ना नव्हती. पण याच टेबलाशी बसून तुझ्या आईने एकोणीस वर्षं पत्रिका केल्या. जेलरोडच्या आणि उपनगरच्या निम्म्या लग्नांची नावं या यंत्रातून गेली आहेत. गिऱ्हाईकाला ती नावं तीन-तीनदा मोठ्याने वाचायला लावायची, आठवतं ना? म्हणायची, "आत्ता वाचा, नाहीतर मामाचं नाव राहिलं म्हणून मंडपात भांडाल." अशा माणसाचं यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवायचं म्हणजे मला जमणार नव्हतं.

तू गेल्यावर मी एक दिवस ते पुसायला घेतलं. खालच्या डब्याच्या भिंतीकडच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली सापडली. तिच्या अक्षरात, निळ्या पेनने: "बिघडला तर राज", आणि खाली नंबर. मला वाटलं असेल कुणी मेकॅनिक. राज नावाची माणसं काय कमी आहेत? मी फोन लावला आणि पाच मिनिटं सगळ्या दुखण्याचं वर्णन केलं. पाटी काय येते, पंखा कसा घरघरतो, दुकानदार काय म्हणाला. समोरच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "काका, मी राज बोलतोय. पायलचा राज." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत केला. काय करणार, कॉम्प्युटरचं काम तर अडलेलंच होतं.

हो, तुझाच राज. रागावू नकोस, निदान त्याच्यावर तरी नको. तुला सांगू नकोस असं मीच त्याला म्हटलं होतं. तो म्हणाला, "तिनं विचारलं तर खोटं नाही बोलणार काका. नाही विचारलं तर सांगणार नाही." तू विचारलं नसणार, कारण मी त्याला फोन करीन हे तुझ्या मनात येणं शक्यच नव्हतं. मग तोच म्हणाला की काकूंचा फोन मला पंधरा दिवसांतून एकदा यायचाच. प्रिंटर अडला की, फाइल हरवली की. म्हणजे बघ, ती इथे माझ्यासमोर बसून "हां राज, आता कुठलं बटण दाबू?" म्हणत त्याच्याशी बोलायची, मी पेपर वाचत असायचो, आणि मला वाटायचं मेकॅनिक आहे.

तो रविवारी येऊ लागला. पहिल्या दिवशी दारातच उभा राहिला, मी या म्हणेपर्यंत. त्याने सांगितलं की यंत्र चांगलं आहे, फक्त विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. तो नोकरी करतो त्या कॉलेजच्या लॅबमध्ये सगळीकडे तेच आहे. मी म्हटलं, केवढ्याला? म्हणे फुकट. पायल, फुकट म्हटलं की मी दोन पावलं मागे सरतो. मी त्याला तासभर खोदून विचारलं की कुणी बनवलं, का बनवलं, त्याला यातून काय मिळतं. तो म्हणाला की जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय, ज्याला जेवढं येतं तेवढं त्याने केलं, आणि वापरा म्हणून ठेवून दिलं. मग मला विहारातलं भोजनदान आठवलं. कुणी तांदूळ आणतं, कुणी भांडी घासतं, आणि पंगतीत बसणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू काय आणलंस. तसं असेल तर मग ठीक आहे, म्हटलं. त्यातही त्याने एक गोष्ट दाखवली ती मला फार आवडली. लिनक्स पेनड्राइव्हवर घालून नुसतं चालवून बघता येतं, यंत्रातलं काही न हलवता. पसंत पडलं तरच ठेवायचं. माझ्यासारख्या बघू म्हणणाऱ्या माणसांचा कुणीतरी विचार केलेला आहे. मी तीन रविवार नुसतं चालवून बघितलं. राज एकदाही "मग काका?" असं म्हणाला नाही.

मग प्रश्न आला की तुझ्या आईचं एकेक सॉफ्टवेअर गेलं तर त्याच्या जागी काय. राजने माझ्या जुन्या डायरीत मधोमध रेघ मारून डावीकडे जुनी नावं लिहिली आणि उजवीकडे नवी शोधायला लागलो. वर्डच्या जागी लिब्रे ऑफिस, त्यात मी आत्ता लिहितो आहे. फोटोशॉपच्या जागी गिंप. कोरलमध्ये ती पत्रिका करायची, त्याच्या जागी इंकस्केप. नावं ऐकून मला ही सगळी औषधं वाटली, जेवणानंतर घ्यायची. पण चालतात. सगळं असतं, फक्त दुसऱ्या फळीवर ठेवलेलं असतं. जसं आपला वाणी बदलला की पहिले पंधरा दिवस रवा सापडत नाही. पत्त्यांच्या खेळाचंही मी हळूच विचारून घेतलं. विंडोजमध्ये एकच होता, यात ऐंशी प्रकार निघाले. राजला मी म्हटलं, एवढ्यासाठी आधीच बदलायला हवं होतं. आणि आता कबूल करायला हरकत नाही, आपलं ते जुनं कोरल आणि फोटोशॉप शालिमारहून आणलेल्या सीडीवरचं होतं, विकत घेतलेलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत एक टाचणी घरी आणली नाही आणि घरात हे. ते गेलं त्याचं मला बरंच वाटलं.

नोव्हेंबरच्या सोळा तारखेला जुनं पुसून नवं टाकलं. पुसायच्या आधी राजने तिच्या सगळ्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर काढून घेतल्या. पत्रिका, फोटो, तुझे दहावीपासूनचे निकाल, सगळं. मला तीनदा विचारलं, अजून काही? मी म्हटलं काही नाही. संध्याकाळी आम्ही पत्रिका उघडून बघायला बसलो. पहिली उघडली, जशीच्या तशी. दुसरी, जशीच्या तशी. चारशे सात पत्रिका, आणि एकीचंही अक्षर हललेलं नाही. मला आश्चर्य वाटलं, पण राज म्हणाला यात नवल नाही, काकू कर्व्ह करून ठेवायच्या. हे मला तेव्हा कळलं, म्हणून तुलाही सांगतो. पत्रिका पूर्ण झाली, गिऱ्हाईकाने होकार दिला, की छापखान्यात पाठवायच्या आधी त्यातल्या अक्षरांचं चित्र करून टाकतात. त्याला कर्व्ह करणं म्हणतात. मग तो फॉन्ट दुसऱ्याकडे नसला तरी बिघडत नाही. पण एकदा कर्व्ह केलं की नाव बदलता येत नाही, काना-मात्रासुद्धा नाही. म्हणून ती आधी तीनदा वाचून घ्यायची. आणि कर्व्ह केलं की कच्ची फाइल पुसून टाकायची, डिस्कवर जागा कमी म्हणून.

चारशे आठवी फाइल मात्र फुटली. वर एक फूल दिसत होतं, गोल, पांढरं, बारीक बारीक दांड्यांचं, तिने हाताने काढलेलं. आणि खाली जिथे मजकूर हवा तिथे नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, जसं काही कीबोर्डवर कुणी बसलं होतं. फाइलचं नाव इंग्रजीत "chandwad kachche". चांदवड, कच्चं. म्हणजे ते काम पूर्ण झालेलं नव्हतं आणि म्हणून कर्व्ह केलेलं नव्हतं.

राजचा चेहरा उतरला. म्हणाला, "काका, लय मोठी चूक झाली माझ्याकडून. फॉन्ट घ्यायचे राहिले." आपल्या जुन्या मराठी फॉन्टांची तऱ्हा अशी की आत खरं तर इंग्रजीच अक्षर असायचं आणि फॉन्ट त्याला मराठीचा वेश घालायचा. फॉन्ट नसला की वेश उतरला. आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, एकाचा वेश दुसऱ्याला बसत नाही. आता नव्या मराठीत हे लचांड नाही, पण तुझी आई शेवटपर्यंत तोच जुना फॉन्ट वापरत होती, बोटांना सवय म्हणून. तिच्या फाइली आम्ही डिस्कवर घेतल्या, पण फॉन्ट विंडोजच्या पोटात वेगळे होते, ते त्याच्याबरोबर पुसले गेले.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. तुझ्या आईने हाती घेतलेलं एकही काम अर्धं सोडलं नव्हतं. आजारपणातसुद्धा उशीला टेकून बसून तिने एक बारशाची आणि विहाराच्या वर्षावासातल्या प्रवचनांची पत्रिका पुरी केली. आणि हे एक चांदवडचं काम तसंच राहिलं, आणि मी घरात असून मला पत्ता नाही. कुणी गिऱ्हाईक वाट बघून कंटाळलं असेल, आमची बाई गेली हे त्यांना कळलंही नसेल. मी ठरवलं की ते उघडायचं, कुणाचं आहे ते बघायचं, आणि पुरं करून द्यायचं. तिच्या नावावर बाकी काही ठेवायचं नाही. राज चांदवडजवळचाच, म्हणून त्याला विचारलं, तुमच्याकडचं कुणी आमच्या लताकडे पत्रिका टाकून गेलं होतं का? तो म्हणाला आईला विचारतो. पुढच्या रविवारी सांगतो, "आई नुसती हसती. म्हणती, उघडा म्हंजे कळंल."

फॉन्ट शोधायला आम्ही डिसेंबर आणि जानेवारी घातला. राजने इंटरनेटवरून तऱ्हेतऱ्हेचे आणले, पण कुठल्यात टक्क्याच्या जागी ढ यायचा तर कुठल्यात नुसते काने उभे राहायचे, कुंपणासारखे. मेनरोडला हर्षलच्या छापखान्यात गेलो, जिथे ती काम द्यायची. हर्षल म्हणाला, "काकूंचा फॉन्ट माझ्याकडे कधी आलाच नाही. त्यांनी कर्व्ह केल्याशिवाय एक फाइल दिली नाही. पंधरा वर्षांत त्यांचं एक काम फुटलं नाही." ते ऐकून मला बरं वाटलं, पण उपयोग शून्य. शेवटी त्यानेच आठवून सांगितलं की नांदगावची मनीषा काकूंच्या हाताखाली टायपिंग शिकली होती, ती अजून तिकडे कचेरीसमोर अर्ज टाइप करून देते, जुन्याच यंत्रावर.

३१ जानेवारीला, शनिवारी, राज सुट्टी घेऊन आला आणि आम्ही एसटीने नांदगावला गेलो. चांदवडपर्यंत आम्ही दोघं मिळून सहा वाक्यं बोललो असू, त्यातली दोन तिकिटाची. त्या पोराला गप्प बसता येतं. सगळ्यांना येत नाही. मनीषाने मला ओळखलं, पाया पडली, आणि लगेच कामाला लागली. तुझ्या आईने दिलेली सीडी तिने जपून ठेवली होती. म्हणाली, "ताईंनी देतानाच सांगितलं होतं, कुणी मागितला तर नाही म्हणू नको." पेनड्राइव्हवर फॉन्ट घेता घेता तिने मान वर करून राजकडे बघितलं आणि मला विचारलं, "भाऊजी, हे जावई का?"

आणि पायल, माझ्या तोंडून निघालं, "बघू."

सवयीने निघालं. मनीषाला काही वाटलं नाही, ती हसली. राज पेनड्राइव्ह घेऊन बाहेर गेला आणि रसवंतीच्या बाकड्यावर बसला. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने माझ्यासाठी रस सांगितला, बर्फ न घालता, कारण मला खोकला होता. स्वतःसाठी सांगितला नाही. इतके महिने मी त्याच्याकडून रवा कुठे, साखर कुठे हे विचारत होतो आणि तो सांगत होता, आणि माझ्याकडे त्याला द्यायला तोच एक जुना शब्द. मला माझी फार लाज वाटली.

परत येताना त्याने विचारलं, वाटेत घर आहे, आईने जेवायला बोलावलंय, उतरायचं का? मी बघू म्हणणार होतो. हो म्हटलं. घर चांदवडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. त्याची आई सुलाबाई दारातच उभी. मी म्हटलं आम्हाला लवकर निघायला हवं, फाइल उघडायची आहे. ती म्हणाली, "जेवा आधी. कम्प्युटर काय पळून नाय चालला." बाजरीची भाकरी, पातीचा झुणका, ठेचा. तुझ्या आईच्या हातच्यासारखा तिखट. जेवून मागच्या अंगाला हात धुवायला गेलो, आणि तिथे ते फूल. एक नाही, अख्खं वावर. कांद्याचे डोंगळे, बियाण्यासाठी ठेवलेले. दांडीवर गोल पांढरा गेंद, बारीक बारीक दांड्यांचा. मी अडीच महिने दर रविवारी ते पडद्यावर बघत होतो आणि मला ते काय आहे हे माहीत नव्हतं. मी तांब्या हातात घेऊन उभाच राहिलो. सुलाबाई मागून म्हणाली, "लताताईंनी फोन केलता मला. दोनदा. म्हन्ल्या, तुमच्याकडं शोभंल असं एक फूल सांगा, पर गुलाब नको, समद्यांच्याच पत्रिकेवर गुलाब ऱ्हातो. मी म्हन्लं आमच्याकडं डोंगळ्याबिगर काय हाय? तर म्हन्ल्या, त्याचाच फोटो धाडा." एवढं बोलून ती आत गेली. राजचे वडील कोंडाजी बाजेवर बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या भावकीत दोन तोंडं वाकडी हुतील, तुमच्या वस्तीत दोन हुतील. चार तोंडांपायी पोरांनी किती थांबायचं, सांगा बरं."

मला याच चार तोंडांची भीती होती, पायल. विहारात लोक काय म्हणतील, त्यांच्या गावात तुला कुणी काही बोललं तर मी काय करीन. राजमध्ये मला कधीच खोट दिसली नव्हती. भीती वाटते म्हणायची लाज वाटायची, म्हणून बघू म्हणायचो. त्या चार तोंडांची मोजदाद कोंडाजींनी बाजेवर बसल्या बसल्या करून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राज आला. फॉन्ट त्याच्या जागी ठेवला, फाइल उघडली. कंस आणि टक्के डोळ्यांसमोर मराठी झाले. वर डोंगळ्याचं फूल. खाली मंगल परिणय. चि. राज, सुलाबाई व कोंडाजी गुंजाळ यांचे चिरंजीव. चि. सौ. कां. पायल, लता व भिकन पगारे यांची कन्या. निमंत्रक म्हणून खाली चौघांची नावं एका ओळीत, सारख्या आकारात. इतक्या पत्रिका केल्या तिने, पण निमंत्रकांत बायकांची नावं सारख्या आकारात घालून घ्यायला गिऱ्हाईक कधी तयार झालं नव्हतं. ते तिने इथे करून घेतलं. आणि तारखेच्या जागी, कच्च्या कामात आपल्या स्वतःसाठी लिहून ठेवतात तसं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "तारीख: ह्यांचं बघू संपलं की टाकणे."

राजनेही ते वाचलं. तो उठला आणि म्हणाला, "मी येतो काका." मी म्हटलं, बस, चहा टाकतो. चहा टाकला, तो उतू गेला, परत टाकला. कप त्याच्यासमोर ठेवला आणि मला बोलायचं होतं ते जमेना, म्हणून विचारलं, "आपला प्रिंटर लिनक्सवर चालतो का रे?" त्याने उचललेला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चालतो काका. एक कॉपी काढायची?" मी म्हटलं, "दोन. एक पुण्याला पाठवायची आहे." पहिला कागद अडकला. दुसरा नीट आला, तिसराही. तो निघताना मी त्याला म्हटलं की पायलला मीच कळवतो, आठ दिवस दे. पोराने सव्वादोन वर्षं दिली होती, आठ दिवसांचं त्याला काय. जिना उतरताना शिट्टी वाजवत होता, असं खालच्या आक्काबाई सांगत होत्या.

त्यातली एक कॉपी या पाकिटात आहे. घडी हळू उघड. बत्तीस वर्षं मी लोकांची पत्रं वाटली, गावागावांच्या खणांत टाकली, पण माझं स्वतःचं असं पत्र फारसं लिहिलं नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू जेवलात का आणि गोळी घेतली का यांच्यामध्ये ते हरवलं असतं, म्हणून कागदावर लिहितो. तू विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे. मनापासून हो आहे. उशीर झाला, त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते समोर येऊन बोल, मी ऐकून घेईन. आता दोनच गोष्टी राहिल्या आहेत. ती आता नाही, म्हणून आईच्या नावाआधी रिवाजाप्रमाणे कालकथित लिहावं लागेल. मी काल ते टाइप करायला बसलो होतो, मनीषाने कुठली बटणं दाबायची ते फोनवर सांगितलंही, पण दाबली नाहीत. ते तू आलीस की आपण दोघं मिळून ठरवू. आणि दुसरी गोष्ट तारीख. तुझ्या कॉपीत त्या जागेवरची तिची ओळ आहे, पण फाइलमधली मी पुसली आहे, कारण आता त्या ओळीचं काम झालं. जागा रिकामी आहे. तू आणि राज ठरवा आणि मला सांगा, मी टाकतो. मग तिघं बसून तीनदा मोठ्याने वाचू, आणि मगच कर्व्ह करू.

तुझाच,
पप्पा